स्कॅनरचं माप लांब ब्रिजला कुठे चुकतं? एकेक कॅप चपखल, सहा दातांचा ब्रिज मात्र बसत नाही

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. कराडला गेली १४ वर्षं माझं दातांचं क्लिनिक आहे. दीड वर्षापूर्वी कर्ज काढून इंट्राओरल स्कॅनर (तोंडात फिरवून दातांचं माप घेणारा कॅमेरा) घेतला. त्याआधी पुट्टी आणि लाइट बॉडी या रबरी मटेरियलचं माप डब्यात भरून एसटी पार्सलने कोल्हापूरच्या लॅबला जायचं. आता पेशंट खुर्चीवरून उठायच्या आत फाइल लॅबमध्ये पोचते. ट्रे तोंडात घातला की ज्यांना उबळ यायची, ते पेशंट तर हात जोडतात. हा धागा स्कॅनरविरुद्ध नाही, हे आधीच सांगतो.

एकेका दाढेच्या कॅपबद्दल माझी तक्रार नाही. तीन युनिटचे, म्हणजे तीन दातांचे जोडलेले, ब्रिजही बहुतेक वेळा बसतात. अडलंय ते लांब कामाला. पाटणकडच्या एक मावशी आहेत, साठी ओलांडलेल्या. वरचे पुढचे दात, १३ पासून २३ पर्यंत सहा युनिटचा ब्रिज, आधाराला १३, ११ आणि २३ (उजवा सुळा, उजवी मधली पटाशी आणि डावा सुळा). धातूच्या सांगाड्याची ट्रायल घेतली. डावा सुळा बसवून बोटाने दाबला की उजव्या सुळ्याचं मार्जिन (दाताला टेकणारी कड) उघडायचं, प्रोबचं टोक सहज आत जाईल इतकं. पुन्हा स्कॅन केलं, लॅबने नवा सांगाडा केला, पुन्हा तेच, आणि तेही त्याच बाजूला. तिसऱ्यांदा पॉलिव्हायनिलचं, म्हणजे जुन्या रबरी पद्धतीचं, माप घेतलं तर सांगाडा एका दाबात बसला. मावशी दर खेपेला शेतातली मजुरी बुडवून एसटीने आल्या. एकदाही कुरकुरल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

ज्यांनी मशीन विकलं ते म्हणाले, सॉफ्टवेअर अपडेट करा. केलं. फरक नाही. तुम्ही मंडळी प्रत्यक्षात कुठून सुरुवात करता, काय तपासता, कुठे थांबता, ते सविस्तर सांगाल का?

सिरॅमिक

डॉक्टर, मी लॅबवाला, कोल्हापूरचाच. तुमचं काम माझ्याकडे येत नाही, तरी रोज पंधरावीस स्कॅन बघतो म्हणून लिहितो.

पहिला प्रश्न: सांगाडा छापलेल्या मॉडेलवर बसत होता का? मॉडेलवर बसतो आणि तोंडात बसत नाही, तर दोष स्कॅनमध्ये असेल किंवा छपाईत. छपाईचं लोक विसरतात. मटेरियल वाचवायला मॉडेल आतून पोकळ करतात, आणि घोड्याच्या नालासारख्या आकाराला मागे दोन टोकं जोडणारी आडवी पट्टी ठेवत नाहीत. रेझिन धुऊन क्युअर (प्रकाशाने कडक) करताना ती टोकं हलतात. मॉडेल महिनाभर पडून राहिलं तरी हलतात. म्हणून लांब ब्रिजला आम्ही भरीव मॉडेल छापतो आणि मागे पट्टी ठेवतोच. तुमच्या लॅबला एवढं विचारा.

दुसरं, तुमची जुनी फाइल उघडून पुढच्या दातांच्या कडा मोठ्या करून बघा. रंग बंद करा, नुसता करडा पृष्ठभाग ठेवा. दाताच्या धारेवर दोन पापुद्रे एकावर एक आल्यासारखे दिसतात का? कांद्याचं साल अर्धवट सुटलं की दिसतं तसं. ते दिसलं की समजायचं, स्कॅनरने तोच दात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा जरा वेगळ्या जागी ठेवला. आणि जिथे पृष्ठभाग एकदम गुळगुळीत, दाताचा पोत नसलेला दिसतो, ती जागा स्कॅनरने पाहिलेलीच नाही. सॉफ्टवेअरने भोक बुजवलंय. आम्हाला ही दोन्ही चिन्हं रोज दिसतात, पण डॉक्टरांना फोन करून सांगितलं तर काहींना राग येतो, म्हणून बरेच लॅबवाले गप्प बसून काम उरकतात. असं होऊ नये. फोन करणारी लॅब धरून ठेवा.

जमलं तर एसटीएलऐवजी पीएलवाय फाइल पाठवा, हे स्कॅनच्या फाइलचे दोन प्रकार आहेत. एसटीएलमध्ये रंग नसतो. हिरडी कुठे संपते आणि दात कुठे सुरू होतो हे मार्जिन आखताना आम्हाला रंगावरूनच चटकन कळतं.

कृष्णाकाठ

सिरॅमिक, आताच फाइल उघडली. ११ च्या धारेवर पापुद्रा आहे. स्पष्ट आहे. दीड वर्षात हे असं बघायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. मनापासून आभार.

मॉडेलवर सांगाडा बसत होता.

मायक्रॉन

मी दंतवैद्य नाही. चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मापन विभागात आहे, २२ वर्षं. बायको दंतवैद्य आहे, तिने हा धागा दाखवला.

तुमचा आजार आमच्या ओळखीचा आहे. स्कॅनरचं टोक एका वेळी दीड-दोन दातांएवढाच तुकडा बघतं. सेकंदाला असे कित्येक तुकडे घेतं आणि सॉफ्टवेअर प्रत्येक नवा तुकडा आधीच्या तुकड्यावर जुळवून चिकटवतं. जुळवण्याच्या या पद्धतीचा मूळ गाभा बेसल आणि मॅके यांनी १९९२ साली मांडला. आता गावाकडची जमीनमोजणी आठवा. ३३ फुटांची साखळी एकदा टाकली तर चूक नगण्य. तीच साखळी एकापुढे एक पन्नास वेळा टाकली की प्रत्येक वेळची बोटभर चूक पुढे पुढे सरकत जाते आणि शेवटचा बांध दुसऱ्याच्या रानात जातो. जबड्याचंही तेच. एका दाढेला साखळी एकदाच पडते, म्हणून तुमच्या कॅप बसतात. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत कमानीतून वळत जाताना ती पुष्कळ वेळा पडते.

आकडा बघा. जुळवताना दिशा फक्त ०.१ अंशाने चुकली, तर ५० मिलिमीटर पुढे ती चूक ८७ मायक्रॉन होते (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). तुमच्या क्षेत्रात मार्जिनच्या फटीसाठी १२० मायक्रॉनची मर्यादा मानतात असं बायको सांगते. म्हणजे एका बारीक कोनात बहुतेक सगळी सूट संपली.

अजून एक. अचूकता हा एक शब्द दोन गोष्टी झाकतो. आयएसओ ५७२५ या मानकात त्या वेगळ्या केल्या आहेत: ट्रूनेस म्हणजे माप खऱ्या मापाच्या किती जवळ आहे, आणि प्रिसिजन म्हणजे पुन्हा पुन्हा घेतलं तर किती सारखं येतं. डॉक्टर, तुमचा सांगाडा दोन्ही वेळा त्याच बाजूला उघडला. याचा अर्थ मशीन एकसारखं चुकतंय. एकसारखी येणारी चूक ही पद्धतशीर चूक असते, आणि तिचं कारण बहुधा सापडतं. विखुरलेली चूक असती तर मी जास्त काळजी केली असती.

घरच्या घरी तपासायची एक रीत सांगतो. दगडी प्लास्टरचं वरच्या जबड्याचं मॉडेल घ्या. दोन्हीकडच्या शेवटच्या दाढा आणि दोन्ही सुळे, अशा चार जागी बेअरिंगचे ६ मिलिमीटरचे छर्रे पक्के चिकटवा. छर्रे चकचकीत असतात, प्रकाश उधळतात, म्हणून त्यांवर धातूतल्या भेगा शोधायच्या डाय पेनिट्रंट तपासणीत वापरतात तो पांढरा डेव्हलपर अगदी हलका फवारा. हे मॉडेल माझ्याकडे पाठवा, मी सीएमएमवर (अंतरं मायक्रॉनमध्ये मोजणारं आमचं यंत्र) केंद्रापासून केंद्रापर्यंतची अंतरं काढून देतो. मग ते तुम्ही नेहमीच्या पद्धतीने पाच वेळा स्कॅन करा. क्लाउडकम्पेअर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रत्येक छर्‍यावर गोल बसवला की केंद्र मिळतं. साधा डिजिटल कॅलिपर या कामाला पुरणार नाही, त्याची स्वतःचीच चूक २० ते ३० मायक्रॉन असते.

शुभ्रा

वाचनखूण साठवली. मायक्रॉन दादा, साखळीचं उदाहरण मी आता माझ्या असिस्टंटला सांगणार आहे.

मी रत्नागिरीत प्रॅक्टिस करते, त्यामुळे ओलाव्यावर लिहू शकते. पावसाळ्यात टोकाच्या आरशावर वाफ धरते. टोक गरम होणारं असलं तरी मशीन लावल्या लावल्या तोंडात घालू नका, ते तापायला वेळ द्या. आरशावर ऑटोक्लेव्हमुळे (वाफेने निर्जंतुक करण्यामुळे) डाग किंवा ओरखडे येतात ते उजेडाकडे धरून बघा. टोक किती वेळा ऑटोक्लेव्ह करायचं याला कंपनीने मर्यादा दिलेली असते. मी प्रत्येक टोकाच्या पिशवीवर पेनाने उभ्या रेघा मारते.

आणि लाळ. लाळेचा थर म्हणजे दातावर ठेवलेलं भिंग. दाढेच्या खाचेत थेंबभर लाळ साचली की स्कॅनरला खाच भरलेली दिसते. मार्जिनच्या कोपऱ्यात साचली की टोकदार कड गोल होऊन येते, आणि स्क्रीनवर ते इतकं नीटनेटकं दिसतं की शंकाही येत नाही. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात लाळग्रंथीचं तोंड असतं, तिथे त्रिकोणी शोषक पॅड लावून ठेवते. जिभेखाली कापसाचा बोळा, सक्शन चालू, आणि प्रत्येक फेरीच्या आधी थ्री-वे सिरिंजने हवा. एकदा सुरुवातीला वाळवून संपूर्ण जबडा करायचा नाही. अर्ध्या मिनिटात दात पुन्हा ओले होतात.

चेअर लाइट बंद करता ना, डॉक्टर?

कृष्णाकाठ

शुभ्राताई, खरं सांगतो, नाही. असिस्टंटला दिसावं म्हणून चालूच असतो.

शुभ्रा

मग आधी तो बंद करा. स्कॅनर स्वतःचा प्रकाश टाकतो आणि परत आलेला वाचतो. वरून हजारो लक्सचा झोत आला की त्याला ते वाचणं अवघड जातं. कुठल्या स्कॅनरला खोलीतला उजेड किती हवा ते यंत्रागणिक बदलतं, पण दातांवर रोखलेला झोत मला कुणालाच मानवलेला दिसला नाही.

वाचनमात्र

मी पेशंट आहे. विषय कळला तेवढा कळला, पण एक विचारते. आईला (वय ७८) कवळीच्या मापाचा त्रास होतो. हा स्कॅनर म्हणजे एक्स-रे असतो का? आणि पूर्ण कवळीला चालतो का?

शुभ्रा

ताई, एक्स-रे अजिबात नाही. फक्त प्रकाश आणि कॅमेरा. पूर्ण कवळीचं मात्र वेगळं आहे. दात नसले की हिरडी गुळगुळीत आणि हलती असते, आणि कवळीच्या कडा गाल-ओठ हलताना कुठपर्यंत येतात हे माप घेताना हाताने घडवावं लागतं. स्कॅनरला तो दाब देता येत नाही. आईंचे डॉक्टर अजून ट्रेने माप घेत असतील तर ते मागे पडलेत असं समजू नका. उबळ येते हे आधी सांगा, खुर्ची सरळ ठेवून, घट्टसर मटेरियलने, नाकाने श्वास घ्यायला सांगून बराच त्रास कमी करता येतो.

आबोली

उशीर झाला लिहायला. मी प्रॉस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दातांची तज्ज्ञ) आहे, शिकवतेही. वरचं सगळं पटलं. माझ्या मते मूळ दुखणं तुमच्या केसच्या रचनेत आहे. १२, २१ आणि २२ नाहीत. म्हणजे ११ आणि २३ यांच्यामध्ये दोन दातांची मोकळी हिरडी. गुळगुळीत, ओली, ओठ ओढला की हलणारी. सॉफ्टवेअर तुकडे जुळवतं ते उंचसखल खुणांवर. त्या हिरडीवर त्याला धरायला काही नाही. उरलेले तीन दात तासून शंकूसारखे गुळगुळीत केलेले. पटाशीची धार मुळातच पातळ आणि अर्धपारदर्शक. सगळ्या जबड्यातली सगळ्यात निसरडी वाट तुमच्या ब्रिजच्या मधोमध आली.

तुम्ही सुरुवात कुठून करता?

कृष्णाकाठ

११ पासून, कारण काम तिथलंच. मग उजवीकडे, परत येऊन डावीकडे. राहिलेली जागा कापून पुन्हा स्कॅन.

आबोली

इथेच आहे बघा. निसरड्या जागेवर पाया घातला आणि दोन्ही भिंती त्यावर उभ्या केल्या.

मी असं करते. सुरुवात शेवटच्या दाढेच्या चावायच्या पृष्ठभागावरून. तिथे डोंगर-दऱ्या भरपूर, सॉफ्टवेअरला पक्की पकड मिळते. तिथून चावायच्या बाजूनेच सरकत पुढे. सुळ्याशी आलं की टोक टाळूकडून ओठाकडे, ओठाकडून टाळूकडे असं हळूहळू डोलवत, नागमोडी न्यायचं. पुढच्या दातांच्या नुसत्या धारेवरून सरळ गेलात तर स्कॅनरला रेघेएवढी जागा दिसते आणि तो घसरतो. तुमच्या ११ वरचा पापुद्रा त्यातूनच आला असणार. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या दाढेपर्यंत एकसंध गेलं की मग आतली आणि बाहेरची फेरी. आधी आतली की आधी बाहेरची हे कंपनी कंपनीचं वेगळं आहे, आपल्या मशीनच्या पुस्तिकेत दिलेला क्रम पाळा, कारण त्यांचं सॉफ्टवेअर त्याच क्रमावर घडवलेलं असतं. प्रत्येक नव्या चौकटीत आधीचा निम्मा भाग तरी दिसत राहायला हवा. वेग एकसारखा. मध्येच टोक उचलायचं नाही, कापून पुन्हा घ्यायचं नाही. जीभ, ओठ, हातमोज्याचं बोट चौकटीत आलं तर ते काढून टाकलं असं सॉफ्टवेअर म्हणतं, पण आलंच नाही तर उत्तम. ओठासाठी रिट्रॅक्टर लावा.

मोकळ्या हिरडीवर, ती वाळवून, फ्लोएबल कंपोझिटचे तीन-चार ठिपके टाकून लाइट क्युअर करते, उंचीला कमी-जास्त. बिनदातांच्या पट्ट्यावर त्याने पकड येते. लॅबला मात्र कळवायचं, नाहीतर ते ठिपके पॉन्टिकच्या (ब्रिजमधल्या खोट्या दाताच्या) खालच्या बाजूला खड्डे होऊन उमटतात. टाळूच्या पुढच्या भागातल्या वळ्याही घेते. डावं-उजवं जोडायला त्यांचा उपयोग होतो असा माझा अनुभव.

आता मार्जिन. पॉलिव्हायनिल वाहतं. थोडा दाब दिला की हिरडी बाजूला सारून खाली उतरतं. प्रकाश सरळ रेषेत जातो, तो हिरडी सारत नाही. म्हणून स्कॅनला हिरडी जास्त नीट उघडावी लागते, कमी नाही. हिरडी सारायला दोन दोऱ्यांची पद्धत वापरा: खाली बारीक ००० नंबरची दोरी, ती तिथेच राहू द्या. वर जाड दोरा, ॲल्युमिनियम क्लोराइडमध्ये भिजवलेला, तो स्कॅनच्या अगदी आधी ओलसर करून अलगद काढा. कोरडा ओढला तर आतलं अस्तर सोलून रक्त येतं. दोरा काढल्यावर मार्जिनपलीकडे न तासलेल्या दाताची बारीकशी पट्टी चौफेर दिसली पाहिजे. माझा विद्यार्थ्यांना एकच नियम आहे: तोंडातल्या आरशात तुम्हाला जी कड दिसत नाही, ती स्कॅनरलाही दिसत नाही. हिरडी सुजलेली असेल, रक्त थांबत नसेल, तर चांगली टेम्पररी (तात्पुरती) कॅप लावून दोन आठवडे थांबा. मार्जिन फार खोल गेलं असेल तर त्या दाताला पॉलिव्हायनिल घ्या. दोन्ही पद्धती आपल्याच आहेत.

जाता जाता थोडा इतिहास. झुरिचला वेर्नर मोएरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या सेरेक या यंत्राने १९८५ मध्ये पहिल्यांदा पेशंटच्या तोंडात स्कॅन करून तिथल्या तिथे इनले (दाताच्या खड्ड्यात बसवायचा तुकडा) बसवला. तेव्हा दातावर पांढरी पावडर फवारावी लागायची, कारण दात चमकतो आणि थोडा प्रकाश आत शिरू देतो. आता पावडर गेली, पण दाताचा स्वभाव तोच राहिला. जुनी धातूची कॅप किंवा पॉलिश केलेली झिर्कोनिया शेजारी असली की आजही स्कॅनर अडखळतो.

सिरॅमिक

आबोली मॅडम, सगळं मान्य. कापून पुन्हा स्कॅन करण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मार्जिनवर रक्ताचा ठिपका आला असेल तर तेवढंच कापून पुन्हा घेतलेलं मला चालतं. पूर्ण जबडा पुन्हा करताना पेशंट थकतो, लाळ वाढते आणि दुसरं स्कॅन पहिल्यापेक्षा वाईट येतं, हे मी बघितलंय.

आबोली

मार्जिनवरच्या ठिपक्याबद्दल आपलं एकमत आहे. आजूबाजूला पक्का पृष्ठभाग शिल्लक असतो, नवा तुकडा त्यावर बसतो. मी घाबरते ते डॉक्टर सांगतात तशा कापण्याला, म्हणजे दोन-तीन दातांचा पट्टा कमानीच्या मधूनच उडवायचा. तिथे साखळीच तुटते. मी दात तासण्याआधीच जबड्याचं पूर्ण स्कॅन घेऊन ठेवते, पेशंट ताजा असताना. नंतर फक्त तासलेले दात घ्यायचे असतात.

शेजारच्या दाताचा कॉन्टॅक्ट हीसुद्धा तशीच जागा. तासलेला दात आणि शेजारी यांच्यातली फट अरुंद असली की आत प्रकाश शिरत नाही, सॉफ्टवेअर भोक बुजवतं, आणि कॅप घट्ट बसते किंवा फ्लॉस सैल जातो. टोक पुढे-मागे कलतं करून तिथे थोडा वेळ द्या.

निवांत_सातारा

माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचा महागडा स्कॅनर आहे. त्याने हा त्रास होत नाही. मशीनच बदला.

मायक्रॉन

मशीन मशीनमध्ये फरक असतोच, तो नाकारत नाही. पण मोजल्याशिवाय बदलू नका एवढंच म्हणेन. आमच्याकडे कोट्यवधींची सीएमएमसुद्धा २० अंश तापमानाच्या खोलीत ठेवतात आणि रोज सकाळी मास्टरवर (ठरलेल्या मापाच्या नमुन्यावर) तपासतात. इंट्राओरल स्कॅनरच्या अचूकतेची चाचणी कशी घ्यायची यासाठी २०१९ मध्ये आयएसओ २०८९६-१ हे वेगळं मानकच आलं. डॉक्टर, कॅलिब्रेशन केव्हा केलं होतं? मशीन एकाच जागी असतं का?

कृष्णाकाठ

दर बुधवारी उंब्रजच्या क्लिनिकला गाडीच्या डिकीतून नेतो. कॅलिब्रेशन मशीनने मागितलं की करतो. मॉडेल उद्या कुरिअरने पाठवतोय.

मायक्रॉन

एप्रिलमध्ये बंद डिकी किती तापते ते आठवा. तिथून काढून एसीच्या खोलीत आणलं की अर्धा तास राहू द्या आणि मगच कॅलिब्रेट करा. मशीन मागेल तेव्हा नाही, जागा बदलली की प्रत्येक वेळी.

कृष्णाकाठ (तीन आठवड्यांनी)

मंडळी, मोजून झालं. मायक्रॉन सरांनी सीएमएमवर काढलेली अंतरं एका कागदावर लिहून मॉडेलच्या डब्यात ठेवून पाठवली, ते पान मी काचेखाली ठेवलंय.

आधी माझ्या जुन्या पद्धतीने पाच स्कॅन. दाढेपासून दाढेपर्यंतचं अंतर पाचही वेळा कमी आलं, सगळ्यात कमी चूक १४० मायक्रॉन, सगळ्यात जास्त १९०. सर म्हणाले होते तसंच, मशीन एकसारखं चुकत होतं. कमान आत वळत होती. मग आबोली मॅडमच्या वाटेने पाच स्कॅन, चेअर लाइट बंद, आधी कॅलिब्रेशन. चूक ४० ते ६० वर आली. मशीन तेच.

आणि एक गोष्ट मला अपघाताने सापडली, कदाचित कुणाच्या उपयोगाची असेल. सहाव्या स्कॅनच्या वेळी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि स्क्रीनवरचं चित्र अडखळायला लागलं. बॅटरीवर लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाचा वेग कमी करतो. सेकंदाला कमी तुकडे मिळतात, म्हणजे दोन तुकड्यांमधला सामाईक भाग घटतो. उंब्रजला प्लग लांब आहे म्हणून मी वर्षभर बॅटरीवरच स्कॅन करत होतो! आता तिथे एक्स्टेंशन बोर्ड आणि इन्व्हर्टर, दोन्ही.

मायक्रॉन

फार समाधान वाटलं वाचून. दोन सूचना. एक, तुम्ही वाट, उजेड आणि कॅलिब्रेशन एकदम बदललंत, त्यामुळे कशाचा किती वाटा हे कळणार नाही. वेळ मिळाला तर एकेक करून बदला. दुसरी जास्त महत्त्वाची. दोन स्कॅन एकमेकांवर ठेवून रंगीत नकाशा बघणार असाल तर संपूर्ण जबडा बेस्ट फिटने (सगळा पृष्ठभाग एकदम जमेल तसा जुळवून) जुळवू नका. ते सॉफ्टवेअर चूक सगळीकडे थोडी थोडी वाटून टाकतं आणि नकाशा हिरवागार दिसतो. फक्त एका बाजूच्या दोन दाढा जुळवा आणि मग दुसरं टोक किती लांब गेलंय ते बघा. खरं काय ते तिथे दिसतं. आणि प्लास्टरला लाळ नसते, श्वास नसतो. तोंडातला आकडा याहून वाईटच असणार.

कृष्णाकाठ

हेच आजवर बेस्ट फिटने बघत होतो. बदलतो.

मॅडम, इम्प्लांटच्या पूर्ण जबड्याला मग काय करावं? पुढच्या महिन्यात एक केस आहे, खाली चार इम्प्लांट.

आबोली

एकट्या-दुकट्या इम्प्लांटला बेधडक स्कॅन करा. स्कॅन बॉडी (इम्प्लांटची जागा दाखवायला त्यावर बसवायची खूण) पूर्ण बसली का ते एक्स-रेवर बघा, घट्ट करताना कंपनीने सांगितलेलाच जोर द्या. पीक (PEEK) या प्लास्टिकच्या स्कॅन बॉडीज पुन्हा पुन्हा ऑटोक्लेव्ह करून वापरू नका, बसायची कड झिजते.

पूर्ण जबड्याला मी इंट्राओरल स्कॅनच्या एकट्याच्या भरवशावर अंतिम बार (इम्प्लांट जोडणारी पट्टी) करत नाही. नैसर्गिक दाताला मुळाभोवती गादी असते, ब्रिज थोडा ताणलेला बसला तर दात किंचित सरकून सामावून घेतो. इम्प्लांट हाडाला जखडलेला. तो सामावून घेत नाही, ताण स्क्रूवर आणि हाडावर जातो. म्हणून स्कॅन करा, त्यावरून प्लास्टिकचा प्रोटोटाइप करा, पण अंतिम कामाआधी तोंडात रेझिनने जोडलेली व्हेरिफिकेशन जिग (इम्प्लांटच्या जागा पडताळायचा साचा) घ्याच. एका टोकाचा एकच स्क्रू घट्ट करून दुसरं टोक उचलतं का ते बघा. तुमच्या मावशींच्या सांगाड्याला केलंत तेच, फक्त स्क्रूने. फोटोग्रामेट्रीची यंत्रं या कामासाठीच निघाली आहेत, ती सगळ्या इम्प्लांटच्या जागा एकाच वेळी बघतात, तुकडे जोडत नाहीत. जवळपास कुणाकडे असेल तर विचारा.

आणि बाइट स्कॅन (दात मिटलेले असतानाचा) दोन्ही बाजूंनी घ्या. एकाच बाजूने घेतला तर दुसरी बाजू कलते.

कृष्णाकाठ (दहा दिवसांनी)

नवीन केस. वरचाच जबडा, १३ ते २३, आधाराला १३, २१, २३. ठिपके टाकले, दोन दोऱ्या, दाढेपासून सुरुवात, पुढे नागमोडी. शुभ्राताईंसारखी प्रत्येक फेरीआधी हवा. वेळ नेहमीपेक्षा दुप्पट लागला. धारेवर पापुद्रा नाही, तीनदा तपासलं. सिरॅमिक, लॅबची परवानगी घेऊन फाइल तुम्हालाही पाठवलीय, पीएलवाय. पेशंट अजून खुर्चीतच आहे. एकदा बघता का?

सिरॅमिक

बघितली. कमान स्वच्छ आहे, ठिपके दिसतायत, २१ आणि २३ चं मार्जिन चौफेर मोकळं. १३ च्या मागच्या बाजूला, १४ च्या लगत, साधारण एक मिलिमीटरभर कड लालसर आणि गोल दिसतेय. तिथे रक्त साचलंय. तेवढीच जागा कापा, हवा मारा, पुन्हा घ्या. पेशंटला उठू देऊ नका.

कृष्णाकाठ

घेतली. पाठवली.

सिरॅमिक

आता कड दिसली. सोडा त्यांना.